अंधारातली जांभळी नळी

जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बायकार्बोनेट इंडिकेटरचा प्रयोग मी दरवर्षी घेते. नळीच्या तळाशी लाल द्रव, वर जाळीच्या तुकड्यावर पान, तोंडाला घट्ट बूच. कार्बन डायऑक्साइड वाढला की द्रव पिवळा पडतो, घटला की जांभळा होतो.

त्या दिवशी एका नळीत जास्वंदीचं पान होतं, दुसरीत पानफुटीचं. दोन्ही नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवल्या होत्या. सकाळी उघडल्या, तर जास्वंदीची पिवळी आणि पानफुटीची चक्क जांभळी!

"मॅडम, म्हणजे हिनं रात्री ऑक्सिजन सोडला!" एक मुलगी जवळजवळ ओरडलीच. स्नेक प्लांट खोलीत ठेवा, रात्रभर ऑक्सिजन मिळेल, असं तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

शंका इतकी रास्त होती की नुसतं 'नाही' म्हणून पुढे जाववेना. इंडिकेटरला फक्त कार्बन डायऑक्साइड कळतो. तो घटला हे खरं, पण गेला कुठे? कुंडीतल्या पानफुटीचं एक पान लगेच खलात वाटून सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाहिला, चारच्या आसपास. दिवसभर उन्हात राहिलेल्या त्याच झाडाचं पान संध्याकाळी वाटलं, तर पाचाच्या वर. रात्री पर्णरंध्रं उघडून घेतलेला वायू पान मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यातून साखर बनवतं. निवडुंग, अननस, स्नेक प्लांट, सगळ्यांची हीच रीत. रखरखीत हवेत पाणी वाचवायची ही सोय मला आजही थक्क करते.

"मग ऑक्सिजन?" तिनं पिच्छा सोडला नाही.

तो येतो पाण्यातून, आणि पाण्याचा रेणू फोडायला उजेडच लागतो. 1941 मध्ये रुबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला शैवालाला ऑक्सिजन-18 (ऑक्सिजनचा ओळखता येणारा जड प्रकार) असलेलं पाणी दिलं, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूत तोच ऑक्सिजन सापडला. हायड्रिला असो, मका असो की पानफुटी, कार्बन पकडायच्या तऱ्हा निराळ्या. ऑक्सिजनची वाट एकच.

तिचं समाधान झालं नाही, आणि मला ते आवडलं. तिच्याच आग्रहानं पानफुटीचं रोप ऑक्सिजन सेन्सरसकट बंद बरणीत ठेवलं. आलेखाची रेष रात्रभर हळूहळू उतरत गेली होती, कारण श्वसन चालूच होतं. सकाळी दिवा लावला, तेव्हा ती चढू लागली. आता हा प्रयोग मी सेन्सरशिवाय घेतच नाही.