फळ्यावरचे ठिपके

ज्युनिअर कॉलेजला आमचं भौतिकशास्त्राचं पुस्तक इंग्रजी आणि सर अस्सल मराठी. आण्विक कक्षांवर काढलेली नागमोडी रेघ आम्ही वहीत उतरवू लागलो की ते विचारायचे, "काय रे, तुमचा इलेक्ट्रॉन गुत्त्यातून निघालाय का?" परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या पोरांना झोकांड्या खाणारा माणूस वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता. इलेक्ट्रॉन कण असूनही तरंगासारखा वागतो, पण तो तरंग म्हणजे त्याची वाट नव्हे, एवढंच सरांना आमच्या डोक्यात घालायचं होतं.

परीक्षेला एवढं लागत नसे. प्लँकचा स्थिरांक (एक ठरलेला, अतिशय छोटा आकडा) भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग) म्हणजे तरंगलांबी, हे फ्रेंच शास्त्रज्ञ डी ब्रॉग्लींचं १९२४चं सूत्र लिहून आकडे घातले की भागायचं. सरांनी मात्र शिवाजी पार्कवरच्या वेगवान गोलंदाजाच्या चेंडूचीही तरंगलांबी काढायला लावली. उत्तर मीटरमध्ये, दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं लिहून हात दुखला, आणि चेंडूची लाट कुणाला का दिसत नाही तेही कळलं.

एका तासाला त्यांनी फळ्याच्या डाव्या कडेला दोन फटी काढल्या आणि उजवीकडे खडूने टकटक ठिपके द्यायला सुरुवात केली. आधी नुसता विस्कळीत पसारा. सर बोलेनात, थांबेनात. हळूहळू ठिपक्यांचे उभे पट्टे दिसू लागले, मधे मोकळ्या जागा. मग म्हणाले, "प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच जागी पोचतो, अख्खा. कुठे पोचण्याची शक्यता किती, ते तरंग ठरवतो." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, तो जातो कुठल्या फटीतून?" "ते बघायला गेलास तर पट्टे पुसले जातात." आमच्यातल्या बऱ्याच जणांना ही पळवाट वाटली. ती नव्हती.

१९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या अकिरा तोनोमुरा यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडून नेमके असेच ठिपके टिपले. ती छायाचित्रं पुढे माझ्या हाती आली, तेव्हा सरांना नेऊन दाखवली. "त्यांचा खडू बरा होता," एवढंच म्हणाले.

निकेलची गोष्ट मात्र ते रंगवून सांगायचे. अमेरिकेत डेव्हिसन नावाचे शास्त्रज्ञ निर्वात नळीत निकेलवर इलेक्ट्रॉन मारून ते कसे उसळतात ते बघत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत १९२५ साली द्रवरूप हवेची बाटली फुटली, नळी तडकली, तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते घालवायला निकेल खूप तापवलं, तर त्यातले बारीक स्फटिक जाऊन मोठे तयार झाले आणि इलेक्ट्रॉन भलतेच उसळू लागले. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी एकच अखंड स्फटिक घेतला. ५४ व्होल्टला ५० अंशांच्या कोनात उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं शिखर मिळालं. त्यावरून तरंगलांबी निघाली १.६५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), डी ब्रॉग्लींचं सूत्र सांगत होतं १.६७. त्याच सुमारास जी. पी. थॉमसननी पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन सोडून विवर्तनाची, म्हणजे तरंग पसरून एकमेकांत मिसळले की उमटतात ती, कडी मिळवली. १९३७चं नोबेल डेव्हिसन आणि थॉमसन यांना विभागून मिळालं. इलेक्ट्रॉन हा कण आहे हे १८९७ मध्ये दाखवणारे जे. जे. थॉमसन हे या थॉमसनांचे वडील. "घरात जेवताना काय बोलत असतील!" असं म्हणून सर स्वतःच हसायचे.

ही कडी वर्गात दाखवता येतात. ग्रॅफाइटचा पापुद्रा बसवलेली निर्वात नळी मिळते. तिला काही हजार व्होल्ट दिले की पडद्यावर दोन हिरवट कडी उमटतात आणि व्होल्टेज वाढवलं की आवळत जातात, कारण वेग वाढला की तरंगलांबी घटते. आमच्या तुकडीने ही नळी कॉलेजच्या प्रयोगशाळेला द्यायचं ठरवलं आहे. ज्यांना वाटा उचलायचा असेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. नळीबरोबर उच्च दाबाचा वीजपुरवठाही लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.