भरतीच्या वेळी पोचलेली बस

मंगळवार, रात्री उशिरा.

अभ्यास सहलीचे अहवाल तपासायला घेतलेत. ‘किनाऱ्यावर काय पाहिलं?’ या रकान्यात पाटणकडच्या एका मुलानं एवढंच लिहिलंय : ‘फक्त पाणी होतं.’ बाकीच्यांनी पानं भरलीत. सूर्य, लाटा, शिंपले, निसर्गाचं रौद्र रूप. तरी मन पुन्हा पुन्हा त्या तीन शब्दांपाशीच येतंय.

कारण ते खरं आहे. तारीख जोडसुट्टी बघून वरून ठरली आणि नेमकी पौर्णिमा आली. साताऱ्याहून पहाटे निघालेली बस उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करत गुहागरला पोचेपर्यंत दुपारचे बारा. पौर्णिमेला तिथं भरती भरते ती याच सुमाराला, आणि तीही उधाणाची. किनाऱ्याची अभ्यासण्यासारखी सगळी पट्टी पाण्याखाली. पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, आणि तोवर बस चिपळूण सोडून घाटाला लागलेली. मग त्या पोरानं दुसरं काय लिहायचं?

किनाऱ्यावरच्या माणसांना हे तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला, शाळेच्या सहलीला अगदी सोयीची. पण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमजोर, पाणी फारसं मागे हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून तृतीया-चतुर्थी बरी. उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला मिळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यायचं. ओहोटीच्या आधी तासभर खडकांवर पोचायचं आणि पाणी वळलं की मुलांना मागं घ्यायचं.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या खडकांवर मग पट्टे वाचता येतात. वर उन्हात तग धरणाऱ्या बारीक गोगलगाई, खाली खडकाला चिकटलेले टणक कवचाचे बार्नेकल, मग शिंपल्यांतली कालवं, सगळ्यात खाली समुद्रशेवाळ. जो प्राणी जितका वेळ कोरडा राहू शकतो तितका तो वर. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटरची चौकट, तिच्यात दहा-दहा सेंटिमीटरवर दोरी ताणलेली. ती ठेवायची आणि प्रत्येक घरातलं मोजायचं. चौकट ‘छान दिसेल’ तिथं ठेवायची नाही, पाण्यापासून वर ठरावीक अंतरावर ठेवत जायची. नाहीतर मुलं जिथं खूप शंख असतात तीच जागा निवडतात आणि सगळी आकडेवारी वाकडी होते.

हे सगळं कुणासाठी, असं मघाशी वाटून गेलं. साताऱ्यात समुद्र म्हणजे सहल, आणि सहल म्हणजे फोटो. पालकसभेत एकानं विचारलंच होतं, की फिरायलाच न्यायचं तर महाबळेश्वर काय वाईट आहे... जाऊ दे ते.

पण ‘फक्त पाणी’ म्हणजे कुठलं पाणी? ज्या पोरानं हे लिहिलं त्याच्याच खोऱ्यातलं कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातं. एरवी ते कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला गेलं असतं. हे त्याला सांगायचं राहून गेलं, आणि सांगण्यापेक्षा दाखवता येतं. चिपळूणला एक बाटली, दाभोळला एक, गुहागरला एक. शाळेत आणून प्रत्येकी २५० मिलिलिटर आटवायचं. समुद्राच्या पाण्यातून नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ निघतं. खाडीचं किती, ते भरतीवर आणि वरून आलेल्या गोड्या पाण्यावर. शेवटचं पाणी आचेवर नको, मीठ तडतडून बाहेर उडतं, उन्हात वाळवावं. वाळल्यावर लगेच तोलायचं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून वजन वाढवतं.

मग हवामान बदल वेगळा शिकवावा लागत नाही. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या आणि पुढं सांगलीत कृष्णा चढली. ढग आले अरबी समुद्रावरूनच. त्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात काय झालं, हे विचारलेलं नाही.

वाळूतही तेच. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हातभर खड्ड्यात शंभरेक अंडी घालते आणि पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. तिशीच्या वर वाळू तापली की माद्याच जास्त. घरट्यापासून लांब, मोकळ्या वाळूत पंचेचाळीस सेंटिमीटरवर थर्मामीटर ठेवून वरच्या तापमानाशी फरक मुलांनीच लिहावा.

मच्छीमारांना ‘हवामान बदलामुळे काय फरक पडला?’ असं विचारून काही मिळत नाही. मुलांना हवं असलेलंच उत्तर येतं. विचारायचं ते असं : पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपल्यावर यंदा होडी पाण्यात कधी गेली, वाऱ्याच्या इशाऱ्यानं किती दिवस बांधून राहिली, पूर्वी कुठल्या महिन्यात कुठली मासळी यायची. आणि हे त्यांच्या सवडीनं, लिलाव चालू असताना मुळीच नाही.

त्या मुलाला पूर्ण गुण दिलेत. जे दिसलं तेच त्यानं लिहिलं, निरीक्षण याहून वेगळं काही नसतं. शेजारी पेन्सिलीनं ‘कुठून आलेलं?’ एवढं लिहिलंय.

पुढच्या वर्षी मुक्काम हवाच. अमावास्येनंतरची द्वितीया गाठून निघायचं, तृतीयेच्या सकाळी हेदवी, दुपारी नावाड्याबरोबर खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटी. काठावर उतरायचं नाही, वाशिष्ठीत मगरी आहेत. स्लिपर नकोत, चिखलात राहतात. पट्ट्याची जुनी चप्पल आणायला सांगायची. पंचांग उद्या कार्यालयात नेऊन ठेवते.