गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली चिमुकली अळंबी: नुसती टोपी बघून नाव सांगणाऱ्याला पैसे देऊ नका

माणशी १८०० रुपये मोजून ऑगस्टमध्ये वाळपईच्या पुढे अळंबी बघायला गेलो. राग अजून गेलेला नाही. वाटाड्याने सात ठिकाणी बोट दाखवलं आणि सातही वेळा म्हणाला, "मायसिना." (हे चिमुकल्या अळंब्यांच्या एका गटाचं नाव.) खाली वाकणं नाही, भिंग नाही.

त्याहून वाईट म्हणजे ओहोळानंतरची चढण. जांभ्यावर शेवाळ, त्यावर चिखल, धरायला एक फांदी नाही. पंधरा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. मोज्यांना लावलेलं तंबाखूचं पाणी ओहोळातच धुऊन गेलं आणि पोटरीला सहा जळवा निघाल्या. बुटांचे तळवे झिजले असतील तर या वाटेला जाऊच नका.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकींच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत), पोफळीच्या कुजक्या खोडावर तसाच झुबका होता. नखाएवढी घंटेसारखी टोपी, ओल्या कडेला बारीक रेघा, पांढरा पोकळ देठ, दाबला की मोडणारा. वाटाड्या म्हणाला, "ही पण तीच." काकींना विचारून एक टोपी काढली आणि टोपीखालचे पापुद्रे खाली करून कागदावर ठेवली, अर्धी पांढऱ्यावर, अर्धी काळ्यावर. वर पेला पालथा घातला. सकाळी पांढऱ्या कागदावर गर्द तपकिरी, काळपट रेघांचं चक्र उमटलं होतं. मायसिनाच्या बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या भुकटीचा, ठसा पांढरा असतो! म्हणजे ही मायसिना नव्हेच. सायथिरेला या दुसऱ्या गटातली असावी.

ठशावरून अळंबी खाण्याजोगी आहे की नाही हे मुळीच ठरत नाही. काकींचं म्हणणं मला पटलं: "आम्ही फक्त रोयणीवरची (वारुळावरची) ओळमी (अळंबी) खातो. बाकीच्यांना हात लावत नाही."

म्हादई अभयारण्यात काहीही तोडायला बंदी आहे, त्यामुळे तिथे ठशाचा नाद सोडा. छोटा आरसा टोपीखाली धरा, पापुद्रे देठाला चिकटलेत की सुटे आहेत ते दिसतं. फोटो वरून, बाजूने आणि देठाच्या बुडाचा काढा. लाकडावर उगवलीय, पाचोळ्यात की वारुळावर, हे तिथेच लिहून ठेवा, घरी आल्यावर आठवत नाही.

उरलेले दोन दिवस छान गेले. अळंबी सकाळीच बघा. दुपारी पाऊस उघडला की टोपी सुकून फिकी पडते आणि कडेच्या रेघा नाहीशा होतात.