भाजलेले हात आणि मानेतलं पाणी

लातूरला आमच्या न्यूरोच्या लिस्टवर काय असणार हे ओटीतली पोरं न बघता सांगतात. बाइकवरून पडून डोकं फुटलेले, बीपीची गोळी मनानं बंद करून मेंदूत रक्तस्राव झालेले, कमरेची गादी सरकलेले, अधूनमधून एखादी गाठ. म्हणून फळ्यावर 'एफएमडी, ड्युराप्लास्टी' लिहिलेलं बघून नवीन आलेल्या टेक्निशियननं विचारलं, मॅडम हे काय आणि? म्हणलं, मानेच्या वर, मागच्या बाजूचं कवटीचं हाड काढून जागा करायची असते, बाकीचं उद्या टेबलवर बघ. मी भूलतज्ज्ञ, ऑपरेशन करणारी नाही. पण अशा केसमध्ये सर्जन मायक्रोस्कोपमध्ये आणि मी मॉनिटरसमोर, त्यामुळं काही बिघडायला लागलं तर आधी मलाच दिसतं.

आदल्या संध्याकाळी फिटनेस बघायला वॉर्डात गेले. बीड जिल्ह्यातली, धारूरकडची बाई, पस्तिशी ओलांडलेली, दरवर्षी दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. वजन कमी, बीपी-शुगर काही नाही, रक्ताचे रिपोर्ट बरे. तोंड उघडून बघितलं, मान किती वळते बघितलं आणि मग हात बघायला घेतले तर तिथंच थांबले मी. बोटांच्या शेंड्यांवर, पेरांवर, तळव्याच्या कडेला भाजल्याचे डाग, जुने पांढुरके, त्यावर नवे लाल, एका बोटाचं नख गेलेलं, अंगठ्याखालचा मांसल भाग पार बसलेला.

"किती दिवसांपासून होतंय असं, ताई?"

"लई वरसं झाली मॅडम. तवा उतरवताना, भाकर शेकताना भाजतंय. चटका बसलेला कळतच न्हाई, वासावरून कळतंय. मास जळाल्याचा वास आला की बघायचं कुठं लागलंय ते."

हे ती इतकं सहज बोलली की मीच पेन खाली ठेवला.

सुरुवातीला म्हणे कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांतल्या बायका कौतुक करायच्या, बिनफडक्याचा तवा उचलती म्हणून. मग एकदा बोट पिकलं, नख गळून पडलं तरी ही गप्प, तेव्हा कुजबुज सुरू झाली. महारोग. सासूनं ताट वेगळं केलं, हिच्या हातची भाकर घरातल्या घरात बंद झाली, टोळीतल्या एकीनं तर मुकादमाला सांगितलं की हिची कोपी लांब टाका. कुठल्याशा डॉक्टरनं, नाव घेत नाही, नुसती बधिरता ऐकून कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू करून टाकल्या. त्या औषधांत क्लोफॅझिमिन असतं आणि त्यानं चामडी काळपट होते, हा त्या गोळीचा माहितीतला परिणाम आहे. पण गावाला ते कोण सांगणार? बाई काळी पडायला लागली म्हणल्यावर लोकांची खात्रीच पटली.

हे सगळं ज्या माणसानं उलगडलं तो न्यूरोसर्जन नव्हता, एमडी नव्हता, साधा एमबीबीएससुद्धा नव्हता. घरोघर तपासणीची मोहीम चालू असताना एक कुष्ठरोग तंत्रज्ञ तिच्या दारात आले, अख्खी नोकरी चट्टे बघण्यात गेलेली. त्यांनी अंगावर चट्टा शोधला, नव्हता. कोपराच्या मागची नस बोटानं चाचपली, कुष्ठरोगात ती दोरीगत जाड लागते, ही जाड नव्हती. मग डोळे मिटायला लावून कापसाचा पुसटसा स्पर्श केला तर बाई दरवेळी बरोबर जागा दाखवायला लागली. मग दोन बाटल्यांत गरम आणि थंड पाणी घेऊन लावलं, तर दोन्हीतला फरक तिला सांगता येईना, बोटांपासून खांद्यापर्यंत, दोन्हीकडं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'स्पर्श कळतो, गरम-थंड व टोचलेले कळत नाही, मान तपासावी.' ती चिठ्ठी फाइलमध्ये होती, चुरगळलेली, मी दोनदा वाचली. आमच्यातले किती जण एवढं नेमकं लिहितात?

मानेच्या एमआरआयमध्ये निघालं ते असं. लहान मेंदूच्या खालच्या टोकांना टॉन्सिल म्हणतात, घशातल्या वेगळ्या. ती टोकं कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्राच्या वर राहायला पाहिजेत. ५ मिलिमीटर किंवा जास्त खाली आली तर त्याला कियारी मालफॉर्मेशन म्हणायचं, हिची १२ मिलिमीटर खाली होती. हान्स कियारी नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं प्रागमध्ये काम करताना १८९१ साली याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. मेंदूभोवतीचं पाणी एका वेळी साधारण १५० मिलीच असतं पण दिवसाला जवळपास अर्धा लिटर तयार होतं आणि जिरतं, म्हणजे ते सतत फिरतं राहावं लागतं. टॉन्सिलचं बूच बसलं की ठोक्याठोक्याला वर-खाली होणारं पाणी अडतं, आणि वर्षानुवर्षं दाब बसून मज्जारज्जूच्या आत, मधोमध पाण्याची पोकळी तयार होते. ती सिरिन्क्स. दुखणं आणि तापमान नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मधूनच एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जातात, ते आधी तुटतात. स्पर्श नेणारे तंतू पाठीमागच्या बाजूनं सरळ वर जातात म्हणून ते शाबूत. कापूस कळतो आणि निखारा कळत नाही त्याचं कारण हे एवढंच. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या मोर्व्हान नावाच्या डॉक्टरनं १८८३ साली असेच न दुखता पिकणारी बोटं असलेले पेशंट लिहून ठेवले होते, आणि तिकडंही पुढं हा कुष्ठरोगच म्हणून वाद झाला. म्हणजे धारूरच्या सासूला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.

अजून एक तिनं सांगितलं, ते कुणी आधी विचारलंच नव्हतं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना, किंवा नुसतं जोरात खोकलं तरी डोक्याच्या मागं अशी कळ जायची की डोळ्यांपुढं अंधारी. ती म्हणाली, सगळ्याच बायांचं डोकं दुखतंय की मोळीनं. बरोबर आहे, दुखतच असणार.

सकाळी ओटीत घेतलं. इंट्राकॅथ लावायचा होता तर सवयीनं म्हणले, ताई, जरा टोचेल हां. मोठा, सोळा नंबरचा इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची सुई-नळी, ज्याला भलेभले पैलवान हात ओढतात, आणि ही छताकडं बघत माझ्याशी लेकीच्या बारावीबद्दल बोलत होती. "तुमी हात धरलाय ते कळतंय मला." अंगावर काटा आला खरं सांगते. दुखू न देणं हाच माझा धंदा आहे आणि इथं ते आयतंच झालेलं होतं, फक्त ते किती महागात पडलंय ते तिच्या बोटांवर दिसत होतं.

आता माझी खरी काळजी. एक म्हणजे मान जास्त मागं न्यायची नाही, नाहीतर आधीच दाटीत असलेल्या ब्रेनस्टेमवर, मेंदूच्या देठावर, अजून दाब. त्यामुळं व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेऊन, सहायकाला डोकं स्थिर धरायला लावून ट्यूब टाकली. दुसरं म्हणजे स्कोलिन, ट्यूब टाकताना स्नायू ढिले करायचं इंजेक्शन, वापरायचं नाही. हाताचे स्नायू झिजलेत म्हणजे त्यांच्या नसा गेल्यात, आणि अशा स्नायूंवर स्कोलिन पडलं की रक्तातलं पोटॅशियम भसकन वाढून हृदय बंद पडू शकतं. तिसरं, गिळणं आणि आवाज. पोकळी वर ब्रेनस्टेमकडं सरकली तर तिथलं बिघडतं, तिचा आवाज ठीक होता, पाणी पिताना ठसका नव्हता, तेवढा जीव भांड्यात पडला.

मग डोकं तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये आणि पेशंटला पालथं घालणं, चार जण धरून, एक-दोन-तीन म्हणत. पोट मोकळं राहिलंय का, डोळ्यांवर दाब नाही ना, हे मी स्वतः वाकून बघते, कुणावर सोडत नाही. पिना घट्ट करताना बीपी उसळलं, ते सगळ्यांचंच उसळतं. पण मानेवर चीर दिली तेव्हा आकडा हललासुद्धा नाही. ते माझ्या फेंटानिलमुळं, म्हणजे वेदनाशामकामुळं, का तिच्या आजारामुळं, सांगता यायचं नाही.

आमचे सर कामाच्या वेळी फार बोलत नाहीत. छिद्राच्या मागच्या कडेचं साधारण तीन सेंटिमीटर हाड काढलं, पहिल्या मणक्याची मागची कमान काढली, मग ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, वाय आकारात उघडला. स्क्रीनवर टॉन्सिल दिसले, खाली ओढलेले, फिकट, आणि अजिबात ठोके न देणारे. रेसिडेंट पोरानं विचारलं, सर, गोयल सरांच्या मतानं तर स्क्रू टाकायला पाहिजे ना? मुंबईच्या केईएममध्ये असताना डॉ. अतुल गोयल यांनी पहिला-दुसरा मणका स्क्रूनं जोडण्याची पद्धत १९९४ साली मांडली, ती आज जगभर वापरतात, आणि कियारीचं मूळही त्याच सांध्याच्या ढिलेपणात आहे असं त्यांचं म्हणणं आहे. त्यावर सर्जन लोकांत जोरात वाद आहेत. सर एवढंच म्हणाले की हिच्या वाकवून काढलेल्या एक्स-रेत सांधा हलत नाहीये, आपण जागा करू. मला विचाराल तर मी स्क्रूवाल्या केसेसही बऱ्या झालेल्या बघितल्यात, पण तो वाद माझ्या टेबलच्या पलीकडचा.

सर टॉन्सिलच्या मागचे पापुद्रे सोडवत होते आणि माझ्या मॉनिटरचा आवाज बदलला. बीप लांबला. ७६ वर असलेले ठोके ५८, मग ४४, मग ४०. आकडा बघायच्या आधी कानालाच कळतं ते. "सर, हात काढा." सरांनी तत्काळ दोन्ही इन्स्ट्रुमेंट बाहेर घेतली, एक शब्द नाही. ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनची सिरिंज माझ्या हातात होती, लगेच द्यावं असं हाताला वाटत होतं. पण तिथं लगेच द्यायचं नसतं, एकदा दिलं की पुढं सर्जननं परत नाजूक जागेला हात लावला तर ती खूणच मिळत नाही. बीपी टिकून होतं म्हणून थांबले. ४२. ५०. ६८. टेक्निशियन पोरगा माझ्याकडं बघत होता, त्याला म्हणलं श्वास घे बाबा.

त्यानंतर सरांनी बाजू बदलून काम केलं, बायपोलरनं, म्हणजे विजेच्या चिमट्यानं, टॉन्सिलची टोकं हलकीशी आकसवली, आणि एका क्षणी खालून स्वच्छ पाणी आलं. हळूहळू टॉन्सिल ठोके द्यायला लागले, माझ्या मॉनिटरवरच्या लयीत. मी इतक्या वर्षांत शंभर प्रकारचे मेंदू उघडलेले बघितलेत तरी हे बघायला उठून उभी राहिले.

मांडीतून काढलेल्या फॅशियाचा, म्हणजे स्नायूवरच्या चिवट पडद्याचा, पॅच शिवून ड्युरा मोठा केला. शेवटी माझं काम, पिशवी दाबून छातीतला दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंत न्यायचा आणि धरून ठेवायचा, मग शिवणीतून पाणी झिरपतंय का ते सर बघणार. एका कोपऱ्यात ओल दिसली. अजून एक टाका, परत दाब. कोरडं.

शुद्धीवर आणताना खोकला नको म्हणून शिरेतून लिग्नोकेन दिलं तरी बाई एकदा खोकलीच. मग डोळे उघडले, हात दाबायला सांगितला, दाबला, पाय हलवले, ट्यूब काढली. ती रात्र आयसीयूत, कारण श्वासाचं केंद्र तिथूनच जवळ असतं आणि झोपेत श्वास विसरायची भीती असते. काही झालं नाही. सरकारी आरोग्य योजनेच्या पोर्टलला पेशंटचा बेडवरचा फोटो हवा म्हणून योजनेचा आरोग्यमित्र सकाळी सकाळीच मोबाइल घेऊन हजर. महात्मा फुले योजनेमुळंच हे ऑपरेशन झालं, नाहीतर त्यांच्या घरात एवढा पैसा फक्त मुकादमाच्या उचलीतून, आगाऊ रकमेतून येतो.

दुसऱ्या दिवशी मान ताठलेली, एकदोन उलट्या, पण म्हणाली, "खोकले मी, पर कळ न्हाई उठली." आणि लगेच, "हात कवा कळाया लागतील?" सरांनी आधीच सांगितलं होतं, परत सांगितलं: पुढं वाढू नये म्हणून हे केलंय, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. ती गप्प बसली. नवऱ्यानं मात्र दुसरंच विचारलं. उचल घेतलेली हाय, दसऱ्याला निघायचंय, मोळी उचलली तर चालंल का? सर म्हणाले, डोक्यावर वजन अजिबात नाही. नवरा म्हणाला, मग कोयता अर्धाच धरतील. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातली बायको वजन उचलणार नसेल तर हिशोब अर्धा, आणि उचल पूर्ण फिटेपर्यंत दोघांना जावंच लागणार. यावर सरांकडं आणि माझ्याकडं काही औषध नव्हतं. सरांनी सर्टिफिकेट लिहून दिलं, मुकादम ते कितपत वाचणार कुणास ठाऊक.

दसऱ्याच्या आधी तपासणीला आली तेव्हा एमआरआयमध्ये पोकळी बारीक झालेली, डोकं दुखणं बंद, हात तसेच. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला लांब दांड्याची सांडशी वापरायची, भाकर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची नाही, घड्याळ लावून शेकायची, असलं बरंच शिकवलं होतं. सासू बरोबर आली होती, बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगत होती की महारोग नव्हताच, मानंत पाणी होतं. टोळीबरोबर जायचं ठरलं होतं, ती तोडणार, बांधणार, मोळी नवरा आणि भाचा उचलणार. सरांनी पुढच्या एमआरआयची तारीख फेब्रुवारीतली लिहिली तर ती म्हणाली, तवा कारखाना चालूच असतोय सर, पट्टा पडल्यावर, हंगाम संपला की येते. सरांनी फेब्रुवारी खोडून एप्रिल लिहिलं.