टिम्पानीवाल्याची बिदागी

मंगळवार, रात्री साडेदहा

तालमीच्या मधल्या चहाला खजिनदारबाईंनी टेबलावर एक मोठा तक्ता पसरून ठेवला होता. नोव्हेंबरात इथल्या, यॉर्कशायरमधल्या आमच्या कॉयरला, म्हणजे गायनमंडळाला, पन्नास वर्षं होतायत आणि त्या संध्याकाळी हँडेलचा ‘मसाया’, येशूवरचं मोठं समूहगान, गायचाय, तोही ऑर्केस्ट्रा घेऊन. एरवी आमचं ऑर्गनवर भागतं. यंदा तंतुवाद्यं, ओबो आणि बासून ही फुंकून वाजवायची वाद्यं, दोन ट्रम्पेट, टिम्पानी म्हणजे दोन मोठे ढोल, आणि चार सोलो गायक. ही सगळी मंडळी यावरच पोट भरणारी. आम्ही मात्र हौशी, वर्गणी भरून गाणारे.

एका कंपनीने उन्हाळ्यात निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं होतं. सप्टेंबरात त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं, यंदा जमणार नाही म्हणून. तोवर सोलो गायकांना शब्द देऊन झाला होता. दोन आठवडे समितीतल्या लोकांचे चेहरे बघवत नव्हते. मग त्यांनी खर्चाचे तुकडे केले. तक्त्यावर एकेका ओळीत एकेक गोष्ट: सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), टेनर (पुरुषांचा उंच आवाज), पहिला ट्रम्पेट, चेलो, एकेक कोरस (सगळ्यांनी मिळून गायचा तुकडा), स्कोअरच्या म्हणजे स्वरांच्या वह्यांचं भाडं. ज्याला जे झेपेल त्याने त्यापुढे आपलं नाव लिहायचं.

मी तो तक्ता बघत उभी राहिले आणि पारनेरकडचं आमचं देऊळ डोळ्यांपुढे आलं. हरिनाम सप्ताहाच्या आधी असाच कागद गावात फिरतो. पहिल्या दिवसाची पंगत कुणाची, काल्याचा महाप्रसाद कुणाचा, महाराजांचं मानधन कुणाकडे, मंडप कुणाकडे. ज्याच्याकडे पैसा नाही तो जळण आणून टाकतो, रात्री पहाऱ्याला उभा राहतो. आमच्या घराकडे पखवाजाची कणीक होती. आप्पा, माझे वडील, पखवाज वाजवायचे. कीर्तनाच्या आधी आई गव्हाची कणीक घट्ट मळून वाटीत द्यायची, आणि आप्पा ती ओल्या बोटांनी पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचे. थोडी लावायची, थाप मारायची, कान लावायचा. जास्त झाली तर नखाने खरवडायची. मनासारखा घुमार निघाला की मान हलवायचे. त्या वाटीची पावती कधी कुणी फाडली नाही, पण सात दिवस ती आमच्याच घरून जाणार हे गावाला माहीत होतं.

तक्त्यावर टिम्पानीपुढची जागा रिकामी होती. दीडशे पौंड. मी नाव लिहिलं.

बुधवार

काल लिहायचं राहिलं ते असं, की ‘मसाया’त टिम्पानीला फक्त दोन कोरसमध्ये काम आहे. एक ‘हालेलुया’, दुसऱ्या भागाच्या शेवटी, आणि मग थेट अखेरचा कोरस. दोन अडीच तासांच्या गाण्यात तो माणूस बहुतेक वेळ नुसता बसून असतो. माझ्या शेजारी अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाणारीने विचारलंही, दोन कोरससाठी दीडशे पौंड जास्त नाहीत का?

नाहीत. तो माणूस दोन ढोल गाडीत घालून लीड्सहून येणार, दुपारच्या तालमीला हजर राहणार, रात्री साडेदहाला ते परत गाडीत चढवणार. बसून राहणं हाही त्याच्या कामाचाच भाग आहे. शंभर पानं मोजत बसून नेमक्या मात्रेला काठी पडली पाहिजे, आणि ती चुकली तर सबंध गावाला कळतं.

हे मला इतकं लागतं त्यालाही कारण आहे. शहरातल्या एका मंडळाने रौप्यमहोत्सवाला आप्पांना भजनाच्या साथीला बोलावलं होतं. मोठा फलक, देणगीदारांची भली मोठी यादी. आप्पा एस.टी.ने पखवाज मांडीवर घेऊन गेले, तीन तास वाजवलं. शाल आणि नारळ मिळाला. जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा कुणी विचारलं नाही. सप्ताहात आप्पांनी कधी पैसा घेतला नाही, कुणी दिला असता तरी घेतला नसता, कारण तिथे सगळेच काही ना काही देत होते. त्या मंडळात मांडववाल्याला पैसे मिळाले, स्पीकरवाल्याला मिळाले, केटररला मिळाले. पखवाजवाल्याला मात्र ‘आप्पा, तुमची सेवा’ असं म्हणून हात जोडले. ती शाल आईने वर्षानुवर्षं ट्रंकेत तशीच ठेवली. वाजवणाऱ्याची बिदागी ठरवून, वेळेवर, मानाने हातात द्यावी, हे मला तेव्हापासून पक्कं वाटत आलंय.

पुढचा मंगळवार

आज आमच्या कंडक्टरने, म्हणजे समोर उभं राहून हाताने सगळ्यांना ताल दाखवणाऱ्याने, ‘मसाया’च्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. हँडेलने हे सगळं १७४१ साली चोवीस दिवसांत लिहून काढलं आणि १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. उत्पन्न दोन इस्पितळांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांना वाटून दिलं. त्या पैशातून १४२ कैदी सुटले. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी फुगीर घागऱ्यांच्या आतले सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात अशी विनंती आधीच केली होती, आणि सातशे माणसं दाटीवाटीने बसली. पुढे लंडनच्या अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी हँडेल हेच दरवर्षी करायचा, आणि मृत्युपत्रात त्याने त्या संस्थेला या संगीताची एक प्रत आणि वादकांचे भाग लिहून ठेवले. पैसे दिले असते तर ते कधीतरी संपले असते. स्वरांची वही दिली म्हणून ती मंडळी दरवर्षी कार्यक्रम उभा करून पैसे जमवू शकली.

आमच्या वह्या भाड्याच्या. प्रत्येक प्रतीत आधीच्या कॉयरच्या लोकांच्या पेन्सिलीच्या खुणा राहिलेल्या असतात. माझ्या प्रतीत ‘हालेलुया’च्या पानावर कुणीतरी चष्म्याचं चित्र काढलंय, म्हणजे इथे वहीतून मान वर करून कंडक्टरकडे बघ. कोण असेल, कुठल्या गावात गायली असेल? मी तिच्या खुणेला हात लावला नाही. अवघड जागी नोटेशनखाली मी बारीक देवनागरीत सा, रे, ग लिहून घेते. तसं लिहिलं की ओळ गळ्यात बसते. परत करताना मात्र सगळं खोडून द्यावं लागतं.

तक्ता आता जवळजवळ भरलाय. खजिनदारबाई नव्वदीच्या घरात आहेत, पहिल्या वर्षापासून गातात. त्यांनी बेस (पुरुषांचा खर्जातला आवाज) गायक घेतलाय, दिवंगत पतीसाठी, तेही बेसच गायचे. दुसऱ्या ओबोसाठी पाच टेनरनी मिळून पैसे काढलेत. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने खाऊचे पैसे जमवून एका वहीचं भाडं भरलं. वेस्ट यॉर्कशायरच्या या पट्ट्यात गिरण्यांच्या काळापासून माणसं अशीच कामावरून सुटून गायला जमत आली आहेत. शेजारच्या हडर्सफील्डची कोरल सोसायटी तर १८३६ सालची. त्या कंपनीने पैसे दिले असते तर कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर त्यांचं बोधचिन्ह आलं असतं, आणि हा तक्ता कधीच पसरला गेला नसता.

बाईंनी माझ्याकडून गिफ्ट एडचा फॉर्म भरून घेतला. मी इथे कर भरते, त्यामुळे माझ्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून कॉयरला आणखी पंचवीस पेन्स मिळतात. दीडशेचे एकशे साडेसत्याऐंशी झाले. मग विचारलं, पत्रिकेत काय छापू? मी आप्पांचं नाव आणि पुढे ‘पखवाजवादक’ लिहून दिलं. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून घेतला आणि अर्थ विचारला. मी हाताने टेबलावर वाजवून दाखवलं.

रविवार

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आगं, पैशे दिलेस ते ब्येस केलंस. पन त्याला जेवायला कोन घालणार?”

“आई, इथे तसं नसतं. ते सँडविच आणतात आपापलं.”

“तुज्या आप्पाच्या नावाचा मानूस अन् कोरडं खानार?”

शनिवार, कार्यक्रमाची रात्र. दीड वाजलाय, झोप येत नाही

सकाळी उठून दोन किलो कणीक मळली. पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी, लिंबाचं गोड लोणचं. कार्यक्रम होता त्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत तालीम आणि कार्यक्रमाच्या मधल्या वेळात मांडलं. ट्रम्पेटवाले आले, चेलोवाल्या आल्या, सगळे उभ्याउभ्या जेवले. टिम्पानीवाला सगळ्यात शेवटी आला. तिशीतला, अबोल. तो तोवर ढोल लावत होता. मी लांबून बघत होते: बोटाने अगदी हलकी टिचकी मारायची, कान पार कातड्यापर्यंत खाली न्यायचा, पायाने पेडल जरा हलवायचं, पुन्हा टिचकी. बाकीचे गप्पा मारत होते आणि तो त्या ढोलाशी एकटाच होता. आप्पांची मान तशीच झुकायची.

त्याने पत्रिका वाचली होती. पुरी हातात घेऊन विचारलं, “पखवाज म्हणजे काय?” मी सांगितलं, उजव्या तोंडाला शाई, डाव्या तोंडाला कणीक.

“खरोखरची कणीक? ही?”

“हीच. गव्हाची. मीठ-तेल न घालता.”

“आणि वाजवून झाल्यावर?”

“खरवडून काढायची. दर वेळी ताजी.”

त्याने पुरीचा तुकडा बोटांत दाबून बघितला, मऊपणा अजमावावा तसा, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

रात्री चॅपल भरलं होतं. पहिला भाग सरला, दुसरा सरत आला, तो मांडीवर काठ्या ठेवून स्वस्थ बसलेला. ‘हालेलुया’ला लोक प्रथेप्रमाणे उठून उभे राहिले. मी चष्म्याच्या खुणेपाशी मान वर केली. कंडक्टरच्या खांद्यावरून तो दिसत होता, काठ्या उचललेल्या, मान किंचित कलती. पहिला ठोका पायाखालच्या लाकडी फळीतून वर आला. माझ्या गळ्यातून पुढच्या दोन ओळी आवाज आला नाही, शेजारच्या अल्टोने माझा हात धरला आणि ती माझ्याही वाटचं गायली.

सगळं आवरल्यावर त्याला ढोल गाडीत चढवायला मदत केली. उरलेल्या पुऱ्या फॉइलमध्ये बांधून दिल्या. भारतात पहाट झाली होती, गाडी वळताच आईला फोन लावला.

“जेवला का त्यो?”

“जेवला, आई. सहा पुऱ्या खाल्ल्या.”