आधी बसून घ्या

त्या मंगळवारी बसमध्ये चढलेल्या पहिल्या सात जणांपैकी तिकिटयंत्राने फक्त तिघांना मोजलं. पाचव्या थांब्यापर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी मागच्या बाकावर पॅड घेऊन बसले होते आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या उभ्या रेघा मारत होते. यंत्राचा 'टिंग' आवाज येतोय की नाही, याकडे माझं लक्ष नव्हतं. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण अजून ती बस डोक्यातून जात नाही.

मी इंग्लंडमधल्या एका काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, सार्वजनिक वाहतूक विभागात काम करते. बाहेरच्यांना वाटतं, बस म्हणजे सरकारी. तसं नाही. 1985 च्या कायद्याने लंडन सोडून बाकी ब्रिटनमधली बससेवा ऑक्टोबर 1986 पासून खुली झाली. ज्या मार्गावर पैसा सुटतो तो खासगी कंपन्या स्वतःहून चालवतात. जिथे सुटत नाही, पण माणसं राहतात, तिथे कौन्सिल निविदा काढून, पैसे मोजून बस चालवून घेते. खेड्यापाड्यांतल्या फेऱ्या, रविवारच्या, संध्याकाळी उशिराच्या, बऱ्याचशा अशाच. आणि यातली खरी मेख अशी, की कौन्सिलने अशा सेवेची गरज तपासावी असं कायदा म्हणतो, पण ती चालवलीच पाहिजे असं म्हणत नाही. म्हाताऱ्यांची देखभाल, लांबच्या मुलांना शाळेत पोचवणं हे मात्र बंधनकारक. त्यामुळे पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड बसवर. मोफत पासचंही तेच. पेन्शनच्या वयाच्या प्रत्येकाला सकाळी साडेनऊनंतर मोफत प्रवासाचा हक्क कायद्याने आहे. बसचा हक्क कुठेच नाही.

कपात करायची ठरली की आमच्याकडे एक तक्ता तयार होतो. प्रत्येक मार्गाचा कंत्राटाचा खर्च, त्यातून वजा तिकिटांचं उत्पन्न, भागिले प्रवासी. याला आम्ही माणशी अनुदान म्हणतो. मग मोठ्यापासून लहानापर्यंत उतरती यादी लावायची आणि एका आकड्यावर रेघ मारायची. रेघेच्या वरच्या बसवर कुऱ्हाड. त्या वर्षी ती रेघ 7 पौंडांवर होती. तक्ता मी केला होता. तीन खेड्यांतून बाजाराच्या गावी जाणारी, मंगळवारी आणि शुक्रवारी दोन जाणाऱ्या आणि दोन येणाऱ्या फेऱ्या करणारी ही बस 11 पौंडांवर होती. म्हणजे रेघेच्या पार वर.

मी तिथे गेले ती पत्रांमुळे. आठ आठवडे लोकांची मतं मागवली, तेव्हा या एका बससाठी साठाहून जास्त पत्रं आली, बरीचशी हाताने लिहिलेली. यंत्राच्या आकड्यांप्रमाणे एका फेरीला सरासरी चार माणसं. आमचे साहेब म्हणाले, बसमध्ये कधी न बसणारेच सगळ्यात जास्त पत्रं लिहितात. हे ते दर वर्षी म्हणतात, आणि काही वेळा ते खरंही असतं. पण या पत्रांमध्ये ड्रायव्हर कुठल्या वळणावर हॉर्न देतो, कुठल्या बाकाखालचा हीटर चालतो, असं लिहिलेलं होतं. बसमध्ये न बसणाऱ्याला हे कुठून कळणार?

पाचव्या थांब्यावर जोराचा पाऊस होता. निळी टोपी घातलेल्या एक आजी चाकांची पिशवी ओढत चढल्या. त्यांनी पास तिकिटयंत्राच्या रीडरवर, म्हणजे पास वाचणाऱ्या भागावर, ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मागे दोघं भिजत उभे. ड्रायव्हरने हात हलवला आणि म्हणाला, "आधी बसून घ्या." आजी बसल्या, मागचे दोघं चढले, त्यातल्या एकाचा पास लागला, दुसऱ्याचा नाही. "आधी बसून घ्या." दार बंद, बस सुरू.

तेव्हा मी पॅड खाली ठेवलं आणि कान दिला.

आता यातली तांत्रिक गोष्ट सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. पासमध्ये चिप असते आणि चिपभोवती तारेचं बारीक वेटोळं. वर्षानुवर्षं पाकिटात वाकून ती तार तुटते. पासवर फोटो, तारीख सगळं नीट असतं, पण यंत्राला तो दिसत नाही. या बसच्या रीडरलाही तडा गेलेला होता आणि त्यावर पारदर्शक पट्टी लावलेली होती. पास लागला नाही तर ड्रायव्हरने हाताने नोंद करायची असते: सवलतीचं बटण, मग ज्येष्ठ की अपंग, मग कुठल्या टप्प्यावर चढला, मग शून्य पैशांचं तिकीट छापायचं. चार वेळा बटणं दाबायची. वेळापत्रकात त्या थांब्याला वेगळा वेळच धरलेला नाही, आणि दारात एक म्हातारी बाई ओली होत उभी आहे. कुठलाही भला माणूस तिला आधी बसवेल. मग पुढचं वळण येतं, पुढचा थांबा येतो, आणि नोंद राहून जाते.

त्या दिवशी चार फेऱ्यांत मी 31 जण मोजले. संध्याकाळी यंत्राची पट्टी काढली, तिच्यावर 17. हिशेब करायला कागद लागला नाही. 31 धरले तर माणशी अनुदान 6 पौंडांच्या किंचित वर. म्हणजे रेघेच्या खाली.

मग हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर मला आमच्याच कपाटात सापडलं. कंत्राटं दोन प्रकारची असतात. एका प्रकारात तिकिटाचे आणि पासच्या भरपाईचे, म्हणजे मोफत प्रवासापोटी मिळणारे, पैसे कंपनीकडे जातात. तिथे मालक एकेक प्रवासी नोंदवला जाईल याची काळजी घेतो. दुसऱ्यात कंपनीला ठरलेली रक्कम मिळते आणि उत्पन्न कौन्सिलचं. ही बस दुसऱ्या प्रकारातली. रीडर दुरुस्त केला काय, न केला काय, कंपनीला एक पेनीचा फरक पडत नव्हता. प्रवासी नीट मोजले जाण्यात ज्याचा फायदा होता, ती कौन्सिल. आणि यंत्रांची तपासणी करण्याचं कलम आमच्या निविदेत नव्हतं. त्या निविदेचा मसुदा माझ्या हाताखालून गेलेला आहे. त्यावर माझी सही आहे.

मी टिपण लिहिलं. दोन पानी, आकड्यांसकट. साहेबांनी ते अडवलं नाही, समितीच्या कागदांना जोडलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण वरून जे उत्तर आलं ते मला आजही पटत नाही: एका दिवसाची हाताने केलेली मोजणी वर्षभराच्या यंत्राच्या नोंदीपुढे टिकत नाही. मी म्हटलं, चार आठवडे मोजू द्या. त्याला माणसं नव्हती. आमच्या विभागात पूर्वी नऊ जण होते, आता चार आहोत, कारण आधीची कपात आमच्यावरच झाली होती. समितीतल्या एका कौन्सिलरबाईंनी पास लागत नसल्याचा प्रश्न नेमका विचारला. त्यांना सांगण्यात आलं, तो तांत्रिक मुद्दा आहे. तो तांत्रिक मुद्दाच सगळा मुद्दा होता. मला बैठकीत बोलायची परवानगी नव्हती, मी मागच्या रांगेत बसून होते.

बस बंद करायचं ठरलं. बदल्यात फोनवरून किंवा ॲपवरून आदल्या दिवशी मागवायची छोटी गाडी. ती वाईट नाही. काही ठिकाणी ती चांगली चालते. पण निळ्या टोपीच्या आजींना मी परतीच्या फेरीत विचारलं होतं, तुम्ही बाजारात काय काय करता? त्या म्हणाल्या, औषधं घेते, मग दीड तास काहीच करत नाही, बाकीचे येतात, आम्ही बसतो. हे मी तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू? आणि गाडी मागवताना प्रवासाचं कारण म्हणून त्या काय सांगणार?

सेवा बंद करताना कंपनीने आधी 28 दिवस कौन्सिलला आणि मग 42 दिवस वाहतूक आयुक्तांना सूचना द्यायची असते. एकूण 70 दिवस. थांब्यांवर नोटिसा लावायला मी स्वतः गेले. ते काम माझं नाही, तरी गेले. शेवटच्या थांब्यावर तोच ड्रायव्हर भेटला. रीडर का बदलला नाही आणि आकडे का कमी आले, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी त्यांना दारात उभं केलं असतं, तर बस राहिली असती?"

मी म्हटलं, तुमची चूक नाही. चूक त्याची नाहीच. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

यंत्राच्या नोंदी दर सोमवारी माझ्याकडे येतात. त्या भेटीनंतरच्या पहिल्या मंगळवारी त्या बसवर 29 प्रवासी नोंदवले गेले. शुक्रवारी 33. शेवटच्या दिवसापर्यंत एकदाही 26 च्या खाली आकडा गेला नाही. प्रत्येक ओळीपुढे हाताने केलेल्या नोंदीची खूण आहे, आणि बस रोज आठ-दहा मिनिटं उशिरा पोचलेली आहे.