तुम्ही विचारलंत म्हणून: मुक्कामी गाडीचे फोटो

"मॅडम, लडाख नाही, स्पिती नाही, तुमचे सगळे फोटो भंडारा-गडचिरोलीकडचे. तिकडे फिरण्यात कसलं आलंय ॲडव्हेंचर?" माझे फोटो पाहून हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा, "वाघ दिसला का?"

वाघाचं आधी उरकते. दिसतो. ताडोब्यात जिप्सीत बसलं आणि नशीब बरं असलं की दिसतो, आणि त्याच वाघाचा तसाच फोटो मागच्या-पुढच्या जिप्सीवाल्यांकडेही असतो. वाईट काही नाही त्यात. पण कुठल्या गेटने शिरायचं, किती वाजता बाहेर पडायचं, सगळं बांधलेलं. गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. वाघ सोडला तर तिथे अनपेक्षित फारसं काही घडत नाही.

मला हवं ते एसटीच्या स्टँडवर मिळतं. चौकशीच्या खिडकीशी जायचं आणि विचारायचं, "मुक्कामी कुठली आहे?" मुक्कामी म्हणजे दिवसाची शेवटची फेरी. गाडी संध्याकाळी आतल्या गावात जाते, चालक-वाहक तिथेच निजतात, आणि भल्या सकाळी कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं घेऊन ती तालुक्याला परत येते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा प्रवासखर्च लेन्स पुसायच्या कापडाहूनही कमी येतो.

आता वेळा बघा. गावात पोचायचं दिवस मावळताना, निघायचं तांबडं फुटताना. फोटोवाल्याला आणखी काय पाहिजे? विदर्भात मधल्या उजेडाचा तसा काही उपयोग नसतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊलाच ऊन पांढरं पडतं, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. लांब पल्ल्याची लेन्स लावून शेतापलीकडचं मोहाचं झाड टिपायला जावं, तर तापलेल्या हवेत ते नुसतं थरथरतं. लेन्स कितीही महाग असो, तिला हवेतूनच बघायचं असतं.

आणि मधली रात्र? परतीची गाडी नाही, लॉज नाही. तुम्ही ज्याला ॲडव्हेंचर म्हणता ते इथून सुरू होतं.

गाडीतून उतरलं की पारावरून आवाज येतो, "कोनाकडं आले जी?" खेड्यात माणूस कोणाकडे तरी येतो. लग्न जमवायला, मयतीला, नाहीतर वसुलीला. "कोणाकडेच नाही, फोटो काढायला आले," या उत्तरावर अख्खा पार गप्प होतो. मग सुरू होते चौकशी. गाव कोणतं, आडनाव कोणतं, त्या आडनावाचे अमक्या गावचे तुमचे कोण? आडनावावरून आणखी काय ताडलं जातं ते मला ठाऊक आहे. त्याचा राग येतो, आणि उत्तर तर द्यावंच लागतं. मी अशा वेळी आशाताई किंवा अंगणवाडीताईचं घर विचारते. बाईमाणसाला तोच सरळ रस्ता. (निघण्याआधी गावाचं आणि गाडीचं नाव घरी सांगून ठेवते, धाडसाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हेही सांगावं.) बहुतेकदा तिथवर जायची वेळच येत नाही. चौकशी रंगात आलेली असताना एखादी बाई मधेच म्हणते, "चाल वं माय, आदी जेवून घे." भात, वांग्याची भाजी, आणि तिच्या सुनेचे माझ्या पगाराबद्दलचे प्रश्न.

कॅमेरा रात्री बाहेर काढत नाही. अपवाद फक्त नाटकाचा. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं लागतात, ती होळीपर्यंत चालतात. कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. दिवसा मंडई, म्हणजे इकडची जत्रा, किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पट थांबले होते, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि धुरळा परत उडू लागला. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या काहींना या रंगभूमीचं नाव कळलं. इथल्या लोकांना कोणी सांगावं लागत नाही. त्या रात्री घरोघरी इतके पाहुणे असतात की मी कोणाकडची हे विचारायला कोणाला सवड नसते.

नाटक दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. स्टेजवरचे एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण विजेबरोबर लुकलुकत असतात. शटर १/५०० सेकंदावर ठेवलं की फोटोवर काळे आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० ला पट्टे जातात, पण मग लावणीवर नाचणारी बाई पुसट होते. यावर माझा इलाज सोपा आहे. स्टेजकडे पाठ करायची. समोर माणसंच माणसं, त्यांच्या तोंडावर स्टेजचाच लाल-निळा उजेड, आणि ती हलत नाहीत. रात्री तीन वाजता एक आजी नातवाला मांडीवर निजवून, स्वतः शालीत गुरफटून, खलनायकाला तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होती. १/५० पुरेसं होतं.

सकाळी मात्र पेच पडतो. या भागात जुने मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, आजही धानाला पाणी देणारे. ढिवर बांधव जाळं टाकायला डोंगा पाण्यात लोटतात ती वेळ आणि गाडी सुटायची वेळ नेमकी एकच. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी असताना गाडीचा हॉर्न ऐकू येतो. धावायचं की थांबायचं? थांबलं तर पुढची गाडी दुपारी, कधी कधी तीही नाही. मी थांबते. मग कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर धानाच्या पोत्यांवर बसून फाट्यापर्यंत, आणि त्या वाटेत आणखी चार घरी चहा.

नाटक बघणाऱ्या त्या आजीने दुसऱ्या दिवशी स्वतःचा फोटो काढायला लावला. मला हवा होता तसा, शेंगा सोलताना, नकोच म्हणाली. धुतलेलं लुगडं नेसली, केस विंचरले, आत जाऊन पोराने घेतलेल्या नव्या फ्रीजशेजारी हात सरळ सोडून उभी राहिली, श्वास रोखून. मी प्रिंट काढून त्याच गाडीच्या वाहकाबरोबर पाठवला. पाकिटावर आजीचं नाव आणि खाली 'पाराजवळ', एवढा पत्ता पुरतो. आठवड्याने वाहकाकडूनच निरोप आला. फोटो चांगला हाय, पन फ्रीज अर्धाच आला, पुढच्या टायमाले पुरा काढा.